मातीचा जमाखर्च मांडणारा माणूस

मराठी घरांत परदेशी शास्त्रज्ञांची नावे फार थोडी रुळली. न्यूटन, एडिसन, आइन्स्टाईन यांच्या पंक्तीला आपल्याकडे आणखी एक नाव हमखास येते, ते जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे. त्याचे श्रेय वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या १९८१ साली आलेल्या पुस्तकाला. सुट्टीत एका बैठकीत ते वाचून काढणारी मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. कार्व्हर म्हटले की त्यांना दोन गोष्टी पटकन आठवतात. एक, घोड्याच्या मोबदल्यात परत मिळालेले गुलाम आईचे पोर. आणि दुसरी, भुईमुगाच्या शेंगेतून तीनशे वस्तू काढणारा जादूगार.

माझ्या मनात मात्र तिसरेच चित्र उभे राहते. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली आणि त्यांतली पहिली काही कापसाच्या मुलखातल्या एका खेड्यातील शाखेत, पीककर्जाच्या टेबलावर. त्यामुळे असेल, पण कार्व्हर मला दिसतात ते हातात जमाखर्चाची वही घेतलेले. ती वही पैशांची नव्हती, मातीची होती. पीक जमिनीतून काय काढते, परत काय देते आणि शिल्लक किती राहते, हे न शिकलेल्या, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावण्यात त्यांचे आयुष्य गेले. तीनशे वस्तूंची गोष्ट त्या कामातून निघाली आणि पुढे त्या कामालाच झाकून बसली.

आईची पावती

जॉर्जचा जन्म अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड नावाच्या वस्तीजवळ १८६४ च्या सुमारास झाला. नेमकी तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गंमत अशी की त्याच्या आईच्या खरेदीची नोंद मात्र आहे. मेरी नावाची ही मुलगी मोझेस कार्व्हर या शेतकऱ्याने १८५५ साली सातशे डॉलरला विकत घेतली होती. मुलाच्या जन्माचा कागद नाही, आईच्या किमतीचा आहे. त्या समाजाचा हिशेब असा होता.

यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवले. मोझेसने माग काढायला माणूस पाठवला. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ खोकल्याने जर्जर झालेले मूल होते. आईचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. या कामाच्या मोबदल्यात मोझेसने आपला एक शर्यतीचा घोडा दिला, असे सांगतात.

मोझेस आणि सुझन या निपुत्रिक जोडप्याने जॉर्जला आणि त्याच्या थोरल्या भावाला, जिमला, वाढवले. जॉर्ज इतका अशक्त की शेतकामाला निरुपयोगी. म्हणून तो सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणे, विणकाम शिकला. उरलेला वेळ रानात जाई. झाडीत त्याने चोरून लहानशी बाग केली होती. शेजारपाजारच्या बायका आपली सुकलेली झाडे त्याच्याकडे आणीत आणि हे पोर कुणाला ऊन, कुणाला सावली, कुणाला निराळी माती देऊन ती जगवी.

पुढची वीस वर्षे शिक्षणाच्या शोधात पायपीट करण्यात गेली. काळ्या मुलांची शाळा निओशोला होती, म्हणून वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास तो तिथे गेला. मराया वॉटकिन्स या सुईणीचे आणि धुण्याची कामे करणाऱ्या बाईने त्याला घरात घेतले. मग कॅन्सस राज्यातली एकेक गावे. लोकांचे कपडे धुवायचे, स्वयंपाक करायचा आणि शाळेत जायचे. १८७९ साली फोर्ट स्कॉट गावात जमावाने एका काळ्या माणसाला भर रस्त्यात ठार मारलेले त्याने पाहिले आणि ते गाव सोडले. १८८५ साली एका कॉलेजने पत्रावरून प्रवेश दिला. तो दारात उभा राहिला तेव्हा कातडीचा रंग पाहून नाकारला. नंतर त्याने कॅन्ससच्या माळावर सरकारी योजनेतली १६० एकर जमीन घेतली, मातीच्या ढेकळांचे घर बांधले. १८८८ साली नेस सिटीच्या बँकेकडून तीनशे डॉलर कर्ज काढले आणि थोड्याच दिवसांत तो मुलूखही सोडला. कर्ज म्हणजे काय आणि कोरडा माळ म्हणजे काय, हे दोन्ही धडे त्याला पुस्तकाबाहेर मिळाले होते.

१८९० साली आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकू लागला. त्याची झाडाफुलांची चित्रे पाहून बाईंनी त्याला वनस्पतिशास्त्राकडे वळवले. १८९१ मध्ये एम्सच्या कृषी महाविद्यालयात तो पहिला काळा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात, म्हणजे ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले तिथे, त्याच्या एका चित्राची सन्मानाने नोंद झाली. १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळाली, तेव्हा तो तिथेच अध्यापकही होता. मागे वळून पाहायचे कारण नव्हते. त्याच वर्षी अलाबामातल्या टस्कीगी संस्थेच्या बुकर टी. वॉशिंग्टन यांचे बोलावणे आले. कार्व्हर निघाले आणि पुढची जवळजवळ ४७ वर्षे तिथेच राहिले.

हवेत भरपूर, मुळाशी काही नाही

टस्कीगीच्या परिसरात त्यांना दिसला तो कापूस आणि फक्त कापूस. झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत कापूस. भाजीचा वाफा नाही, फळझाड नाही. जमिनीला घळी पडलेल्या, लाल आणि पिवळी माती उघडी. पिढ्यान्‌पिढ्या एकच पीक घेऊन ती जमीन थकली होती.

इथे जरा थांबून या थकण्याचा अर्थ पाहू. शेतकऱ्याच्या तोंडी नत्र, स्फुरद आणि पालाश अशी तीन नावे असतात. त्यांतले नत्र म्हणजे नायट्रोजन. झाडाच्या प्रत्येक प्रथिनात ते आहे, पानाच्या हिरव्या रंगद्रव्यात ते आहे. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना देते. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. आता विरोधाभास पाहा. आपल्याभोवतीच्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे. झाड नत्राच्या समुद्रात उभे असते आणि नत्रावाचून उपाशी मरते. कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की कोणत्याही झाडाला ते स्वतः सोडवता येत नाहीत. मुळांना ते पाण्यात विरघळलेल्या नायट्रेटच्या किंवा अमोनियमच्या रूपातच घेता येते. त्यातले नायट्रेट पावसाने सहज वाहून जाते.

हे बंध सोडवण्याची कला निसर्गात काही सूक्ष्म जीवाणूंना साधली आहे. चवळी, मूग, तूर, हरभरा, भुईमूग अशा शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर ज्या बारीक गाठी दिसतात, ती या जीवाणूंची घरे. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नत्र देतात. या कामाला मोकळा प्राणवायू चालत नाही, म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे एक लाल द्रव्य तयार होते आणि ते प्राणवायू धरून ठेवते. कापलेली गाठ आतून गुलाबी निघाली तर समजावे की कारखाना चालू आहे. शेंगावर्गातली पिके जमिनीचा कस वाढवतात, हे शेतकऱ्यांना हजारो वर्षे ठाऊक होते. पण कारण कळले ते उशिरा. जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ साली ते जगापुढे मांडले आणि १८८८ साली हॉलंडमध्ये बायरिंक यांनी तो जीवाणू वेगळा काढला. कार्व्हर टस्कीगीला आले १८९६ साली. म्हणजे विज्ञान अगदी ताजे होते आणि ते जिथे हवे होते तिथवर पोचलेले नव्हते.

कापसाबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कापसाचा धागा जमिनीचे फारसे काही नेत नाही. तो बहुतेक सगळा हवेतल्या कर्बाचा आणि पाण्याचा बनलेला असतो. जमिनीचे नत्र आणि स्फुरद जाते ते सरकीतून. सरकी शेताबाहेर विकली, पऱ्हाट्या जाळल्या, दोन ओळींमधली माती खुरपून वर्षानुवर्षे उघडी ठेवली आणि पावसाने वरचा थर धुवून नेला, की जमिनीच्या वहीत खर्चाचेच रकाने भरतात. जमेचा रकाना कोरा.

कार्व्हर यांच्या प्रयोगासाठी १८९७ साली राज्याने वर्षाला १५०० डॉलर मंजूर केले. तेवढ्यात महागडी खते आणणे शक्य नव्हते, आणि आणली असती तरी शेजारच्या गरिबाला त्यांचा उपयोग शून्य. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला काळा गाळ आणायला लावला. स्फुरद आणि पालाश कुठल्याही गाठीला हवेतून आणता येत नाहीत. ते असे बाहेरून परत द्यावे लागतात. नत्रासाठी त्यांनी चवळी पेरली. चवळी खायची, गुरांना घालायची आणि वेल जमिनीत गाडायचे. प्रयोगशाळाही तशीच, भंगारातून गोळा केलेल्या बाटल्या आणि डबे यांची.

फळ काय मिळाले? बुकर वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात टस्कीगीच्या एका पदवीधराचे उदाहरण दिले आहे. ज्या भागात एकरी सरासरी ४९ बुशेल रताळी निघत, तिथे त्याने मातीचे रसायन जाणून २६६ बुशेल काढली. आजूबाजूचे गोरे शेतकरी ते शेत पाहायला आणि त्याच्याकडून शिकायला आले.

वही कोणाच्या हाती?

उपाय बिनपैशाचा आणि खात्रीचा होता. मग सगळ्यांनी तो उचलला का नाही? इथे मला माझे टेबल आठवते.

अलाबामातले बहुतेक काळे शेतकरी दुसऱ्याची जमीन बटाईने कसत. हंगामाच्या सुरुवातीला गावचा दुकानदार पीठ, कापड, बियाणे उधार देई आणि तारण म्हणून उभ्या राहायच्या पिकावर बोजा चढवी. हे पीक कापूसच असले पाहिजे, ही त्याची अट. कारण कापूस खाता येत नाही, लपवता येत नाही, आणि बाजारात त्याचा भाव रोज ठरतो. वर्षअखेर हिशेब होई तेव्हा दुकानदाराच्या वहीत बाकी उरलेलीच असे. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा कापूस. जमीन दमली तर आणखी जास्त कापूस. कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी ठरवत नव्हता, त्याचे कर्ज ठरवत होते.

आमच्या शाखेत सावकार नव्हता, नियम होते. एकरी कर्जाचा दर कापसाला जास्त, मुगा-तुरीला कमी. एका वर्षी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी मोठ्या उत्साहाने सुचवले की यंदा कापूस थोडा कमी करून मूग-तूर वाढवावी, जमिनीला बरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या अर्जातल्या त्या दराच्या कोष्टकावर बोट ठेवले. मागची बाकी फेडायला त्यांना मोठे कर्ज हवे होते आणि मोठे कर्ज फक्त कापसाला होते. अर्जावर सगळ्या एकरांपुढे कापूस असे मीच माझ्या हाताने लिहिले. जमिनीबद्दल त्यांना माझ्याहून जास्त कळत होते, हे सांगायला नकोच.

कार्व्हर यांना ही अडचण कळली होती, आणि म्हणूनच त्यांच्या पत्रिका निराळ्या होत्या. चवळीवर १९०३ साली निघालेल्या पत्रिकेत लागवडीबरोबर ती शिजवण्याच्या कृतीही होत्या. म्हणजे निदान पोटासाठीच्या उसनवारीतून घर सुटावे. सोपी भाषा, कमी खर्च, घरच्या बाईलाही उपयोग, अशा चाळीसहून अधिक पत्रिका त्यांनी लिहिल्या. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी १९०६ साली मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या बँकरच्या देणगीतून एक गाडी तयार झाली. जनावरांनी ओढायची, आत अवजारे, बियाणे, दूध घुसळायची यंत्रे. ही फिरती शाळा वस्त्यावस्त्यांवर जाई. एका बँकरने ही गाडी दिली याचा मला उगीचच आनंद होतो.

किडा, शेंग आणि कीर्ती

मग एक किडा आला. बोल वीव्हिल नावाचा हा सोंडेचा किडा कापसाच्या पात्यांत आणि बोंडांत अंडी घालतो. १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये शिरलेला हा किडा १९१० च्या आसपास अलाबामात पोचला आणि कापसाची राने बसली. जे काम उपदेशाने झाले नव्हते ते या संकटाने केले. तारणच उरले नाही, तेव्हा सावकारही दुसऱ्या पिकाचा विचार करू लागले. एन्टरप्राइज नावाच्या गावाने भुईमुगावर इतके कमावले की १९१९ साली चौकात चक्क त्या किड्याचे स्मारक उभारले.

कार्व्हर यांची भुईमुगावरची प्रसिद्ध पत्रिका १९१६ सालची. लागवड आणि खाण्याचे १०५ प्रकार असे तिचे स्वरूप. भुईमूग नत्र धरतो खरे, पण त्याचा हिशेब चवळीइतका सरळ नाही. शेंगा काढताना झाड मुळासकट उपटले जाते. पाला आणि मुळे जमिनीला परत मिळाली नाहीत तर बरेचसे नत्र शेंगांबरोबरच गावाबाहेर जाते. शिवाय शेंगा पिकवल्या तर त्या विकायला बाजार हवा. त्यासाठी कार्व्हर दूध, पीठ, रंग, शाई, साबण असे एकामागून एक उपयोग दाखवत गेले. तीनशेची यादी ही अशी जन्मली. त्यातले बरेचसे पाककृती आणि घरगुती उपयोग होते. पेटंटे त्यांनी उभ्या आयुष्यात तीनच घेतली आणि त्यांतून धंदा म्हणावा असा झाला नाही. पीनट बटरचा शोधही त्यांचा नव्हे.

१९२१ च्या जानेवारीत अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगाच्या आयातकरावर ते बोलायला उभे राहिले. दहा मिनिटे दिली होती. एका सभासदाने मध्येच कलिंगडाचा उल्लेख करून टोमणा मारला. काळ्या माणसाला हिणवण्याची ती तिकडची जुनी रीत. कार्व्हर चिडले नाहीत. पेटीतून एकेक वस्तू काढून दाखवत राहिले. समितीने वेळ वाढवत नेला आणि ते खाली बसले तेव्हा सभासद टाळ्या वाजवत होते.

त्या दिवसापासून ते देशभर भुईमुगाचे जादूगार झाले. वर्तमानपत्रांना जादूगार आवडतो. चवळीचे वेल गाडा म्हणून सांगणारा मास्तर आवडत नाही. टस्कीगीत त्यांची वर्षे सोपी गेली नव्हती. वॉशिंग्टन यांच्याशी कोंबड्यांच्या खुराड्याच्या कारभारावरून खटके उडत, राजीनाम्याच्या धमक्या जात. प्रयोगांच्या तपशीलवार नोंदी ठेवण्यात ते कच्चेच होते. पुढच्या अभ्यासकांनी हे सगळे तपासले आणि दक्षिणेची शेती एकट्या कार्व्हर यांनी बदलली, ही समजूत टिकत नाही असे दाखवले. मला यात त्यांचा मोठेपणा कमी झालेला दिसत नाही. बदल घडवणारी बाकीची माणसे, यंत्रे, किडे, भाव हे सगळे खरेच होते. पण ज्याच्यासाठी कोणी काही लिहीत नव्हते, त्या शेवटच्या माणसासाठी पत्रिका लिहिणारे फार नव्हते.

आपल्याशीही त्यांचा एक धागा आहे. सी. एफ. अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीला गेले, आणि त्यांच्या ओळखीतून कार्व्हर यांनी गांधीजींसाठी शाकाहारी आहाराच्या सूचना पाठवल्या. त्यात शेंगदाणा आणि सोयाबीन असणार हे उघडच होते. प्रथिने देणारी ही पिके जमिनीला आणि गरिबाच्या ताटाला एकदमच उपयोगी पडतात.

५ जानेवारी १९४३ रोजी कार्व्हर गेले. लग्न केले नव्हते. काटकसरीने साठवलेले सुमारे साठ हजार डॉलर त्यांनी टस्कीगीतल्या संग्रहालयाला आणि संशोधनाच्या संस्थेला देऊन टाकले होते. त्यांना बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी पुरले. त्याच वर्षी डायमंडजवळचे त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाले. ज्या शेतावर आईची किंमत सातशे डॉलर होती, ते शेत.

कार्व्हर चवळी पेरत होते त्याच काळात जर्मनीत हवेतले नत्र यंत्राने पकडण्याची खटपट चालू होती. १९१३ साली तो कारखाना सुरू झाला आणि त्याच वाटेने पुढे युरियाचे पोते आपल्या बांधावर आले. त्याने जग जगवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पोत्याला पैसे लागतात, आणि पोते फक्त नत्र देते. घळी बुजवत नाही, पाचोळ्याने येणारा भुसभुशीतपणा देत नाही.

आपल्या शेतकऱ्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकाने पुढच्या पिकासाठी जमिनीत मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे आजही गव्हाच्या पेरणीआधी कुणीतरी म्हणतेच. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हा शब्द माहीत होता. माझ्या कोष्टकात मात्र त्याच्यासाठी रकाना नव्हता.

पावसाळ्यात कुणाच्या शेतावर जाणे झाले तर मुलांना बरोबर न्यावे आणि मालकाला विचारून चवळीचे एक रोप हलकेच उपटून दाखवावे. मुळांवरची एखादी गाठ नखाने फोडली तर आतला गुलाबी रंग दिसेल. कार्व्हर कोण होते, हे मग मुलांना सांगायला सोपे जाईल.